हौद्याचं अस्तर

२ जुलै, बुधवार

दिवाळीत पिकअपच्या हौद्याला ऑइलपेंट मारला होता. दोन डबे, सतराशे रुपये. तेव्हा गल्लीत सांगत फिरलो, सतराशेत गाडी नवी केली. आज खरा आकडा मांडला. रंग सतराशे. उन्हाळ्यातच पोपडे उडाले, खालून गंज वर आला, तो गंज फिक्या गुलाबी जॉर्जेटच्या ताक्यांना लागला. डागी माल माझ्या अंगावर, नऊ हजार. ती पार्टी तुटली ते वेगळं. त्याचा आकडा मनात आहे, लिहीत नाही.

रंगाला दोष देण्यात अर्थ नाही. मिलमधून ओला माल उचलायचा, त्याचं पाणी हौद्यात साचतं, आणि त्या पाण्यात काय काय असतं ते मिलवाल्यालाही सांगता येणार नाही.

टपरीवर माझ्या पाठीमागे दोघं बोलत होते. त्यांना वाटलं मी फोनवर आहे. "हिलालनानाच्या गाडीत माल टाकू नको. चहाची गाळणी आहे ती." चूक नाही. डाव्या चाकाच्या वर हौद्यातून खालचा रस्ता दिसतो.

५ जुलै, शनिवार

आबांकडे जाऊन आलो. थोरला भाऊ, पण मला सुरतेत आणलं, जेवू घातलं, पहिल्या लूमवर उभं केलं, म्हणजे बापच. स्वतः पांडेसऱ्यात रंगाच्या मिलमध्ये जन्म घालवला. आता छातीत हवा टिकत नाही. नवागामच्या त्या एका खोलीत उशीवर उशी ठेवून निम्मे बसलेले, निम्मे झोपलेले.

आज एकदम म्हणाले, कानबाईच्या सणाला गावी जायचं. नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे ३ ऑगस्ट. दोन वर्षं गेले नाहीत. भाऊबंदकीत बसून प्रसादाचा रोट खायचा, थोरल्याने पहिला घास घ्यायचा, तो घास दोन वर्षं दुसऱ्याने घेतला.

रेल्वेच्या पायऱ्या चढवत नाहीत. मोटारीत पाय दुमडून बसले की श्वास अडकतो. म्हटलं अँब्युलन्स करू, आडवं झोपता येईल.

घरात आम्ही अहिराणीच बोलतो, लिहायला बसलो की शाळेची मराठी येते. पण आबा बोलले ते तसंच लिहितो. "अँब्युलन्समा नको रे भो. गाववाला म्हनतीन, मुडदा ऊना." मुडदा आला म्हणतील. मग श्वास घेतला, मग, "तुनी गाडी शे ना?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

६ जुलै, रविवार

काल हो म्हणालो तेव्हा हौदा डोळ्यांसमोर नव्हता. आज सकाळी फाळका खाली पाडून आत जाऊन बसलो. सिंधूला म्हटलं गाडी काढ, चौकापर्यंत ने आणि आण. ती नवऱ्यापेक्षा बरी चालवते, हे लिहायला हरकत नाही, ती इथे वाचत नाही.

चौकातून परत येईपर्यंत पायजमा लाल. भोकांतून धूळ वर येते आणि गंजाची पूड उडते, ती तोंडात जाते. मला ठसका लागला. माझी छाती धड आहे.

हौद्याला अस्तर पाहिजे. भोकं बुजवून, गंज मारून, वर जाड थर. महिना हातात आहे.

८ जुलै, मंगळवार

दिनेशभाईचं हार्डवेअर. त्याने दोन डब्यांचं पीयू कोटिंग काढलं. एकात दुसरं मिसळायचं, रोलरने लावायचं. "हिलालभाई, आ लगावी दो. हथोडा मारो, कंई नहीं थाय." झाकण उघडलं. माझ्या डोळ्यांत पाणी.

विचारलं, वास किती दिवस?

"आठ-दस दिन. पण तमे तो मिलना माणस, तमने शुं वास?"

हसला तो. मी पण हसलो. मग म्हटलं, मला नाही, आजारी माणूस झोपणार आहे त्यात. तेव्हा झाकण लावलं त्याने आणि डबा आत ठेवून आला. माणूस चांगला. पावसाळ्यात हे लावलं तर फोड येतात हेही त्यानेच सांगितलं, विकायचं सोडून.

९ जुलै, बुधवार

विचारावं तेवढी मतं.

वेल्डर: जाड पत्र्याची चेकर प्लेट टाक, नातू वापरेल. वजन वाढणार, खाली पाणी साचून जुना पत्रा आतल्या आत खाणार, आणि ऊन पडलं की आबा तव्यावर.

मिलच्या टाक्यांना फायबर लावणारा आहे तो: "तेजाबाची टाकी धरते, तुमचा हौदा काय चीज." पण त्याच्या राळेचा वास मी दोन गल्ल्यांवरून ओळखतो. ओळखत होतो. आता नाक तेवढं राहिलं नाही.

डांबर: स्वस्त. ऊन लागलं की माल काळा. पुन्हा नऊ हजार नकोत.

सिंधू: गोठ्यात म्हशीखाली टाकतात ती रबराची मॅट टाका. म्हटलं आबांना म्हशीच्या मॅटवर? ती म्हणाली, "म्हशीची छाती तरी शाबूत राहते त्यावर." पण मॅटखाली पाणी शिरलं की गंज परत, आणि कानबाई झाली की धंदा करायचाच आहे मला त्याच गाडीवर.

११ जुलै, शुक्रवार

ठरलं बहुतेक. दिनेशभाईनेच फोन केला. पाण्यात मिसळणारं रबर कोटिंग, गच्चीला लावतात त्याच्या वरच्या जातीचं, गाड्यांना चालतं. वास जवळजवळ नाही. वाळायला वेळ जास्त, पावसात त्याहून जास्त. वरून पाय घसरू नये म्हणून रबराचे दाणे टाकतात, ते नको म्हटलं, ताक्याचा धागा खेचला जाईल.

"ने अवाज पण बंद थई जशे," म्हणाला. "खडखड नहीं."

हे बरं. आबांना पत्र्याचा खडखडाट सोसत नाही. मिक्सर लावला तरी हात वर करतात.

बाहेर लावून घ्यायला दोन ठिकाणी विचारलं होतं. मजुरी देता आली असती. पण आबा ज्यात झोपणार त्यावर कुणी घाईघाईने रोलर फिरवून जाईल, खाली गंज तसाच ठेवून. नको. स्वतः करणार.

१३ जुलै, रविवार

दिवसभर ग्राइंडर आणि तारेचा ब्रश. गंज खरवडत गेलो तशी भोकं वाढत गेली. बाहेरून चार दिसत होती. वेल्डरने पट्ट्या मारल्या.

कान अजून हुं हुं करतायत. लूमवर माझ्याबरोबरचे सगळे बहिरे झाले, फोनवर ओरडून बोलतात. मी वेळेत बाहेर पडलो, ड्रायव्हर झालो, कान वाचले. गाडीचं बेअरिंग जायच्या आधी मला कळतं. मागे माल सरकला तर गाठ कोणत्या बाजूची सुटली तेही सांगतो. मेकॅनिक पैज लावून हरलाय.

१६ जुलै, बुधवार

पाऊस. प्रायमर वाळत नाही. गाडी पर्वत पाटिया भागात नेली, एका पार्टीचं गोडाऊन रिकामं होतं, छप्पर मिळालं. पार्टीचा शेठ येऊन बघून गेला. "नाना, एटली महेनत? गाडी वेचवानी छे?" म्हटलं विकायची नाही, भावाला फिरायला न्यायचंय. त्याला थट्टा वाटली.

आठवडाभर भाडं बंद. सिंधू काही बोलत नाही. न बोलणं ऐकू येतंच.

२० जुलै, रविवार

काल पहिला हात, आज दुसरा. आधी सगळा पत्रा थिनरने पुसला, बोट फिरवून बघितलं, धूळ नाही. पाण्याच्या वाटा चिकटपट्टीने बंद केल्या, नाहीतर त्याच बुजायच्या. कोपरे ब्रशने, बाकी रोलर. घाई केली नाही. सुकल्यावर नख रुतवलं. आत जातं आणि परत वर येतं. कातड्यासारखं.

२१ जुलै, सोमवार

डब्यात उरलं होतं. परत बंद करून ठेवलं तर घट्ट होणार. केबिनच्या मागचा पत्रा, जिथे आबांचं डोकं येणार, त्यावर आणखी दोन हात दिले. जाड गादीसारखा थर झाला. डोकं आपटलं तरी लागणार नाही.

२५ जुलै, शुक्रवार

आज वासाची परीक्षा. घ्यायची कुणी? मी हुंगलं, काही नाही. शेजारचा बापू हुंगला, काही नाही. गल्लीतला तिसरा हुंगला. मग लक्षात आलं, आम्ही सगळे मिलचे, आमच्यासमोर उग्र वासाच्या हायड्रो पावडरची पिशवी फोडली तरी आम्ही म्हणू, कुठे काय. आमच्या नाकाच्या भरवशावर आबांना आत झोपवत होतो.

वहिनीला आणलं. ती कधी मिलमध्ये गेली नाही, घरी पापड लाटते, जिरं जरा जुनं असलं तरी वासाने सांगते. फाळका लावून, ताडपत्री टाकून, आत एकटी बसली. बराच वेळ. बाहेर आली, पदर नाकाला नव्हता. "काही नाही भाऊ. ओल्या भिंतीसारखं थोडंसं. ते चालेल त्यांना."

सिंधू हळूच म्हणाली, आता दोन रात्री नीट झोपा.

संध्याकाळी गाडी रस्त्यावर काढली. मुकी झाली आहे. खड्ड्यातून गेलो, मागून आवाज नाही. नव्या मोटारीसारखी. टपरीवर थांबवून सगळ्यांना हात लावायला लावला. गाळणी म्हणणाराही होता. त्यानेही लावला.

२८ जुलै, सोमवार

सिंधूने रोटाचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आबांनी ते बघायला मागितलं म्हणून सूप त्यांच्या खोलीवर नेलं. "मना नावनी मूठ टाकी ना व?" सिंधू म्हणाली, "आबा, तुमची पहिली." त्यांनी गव्हात हात घातला आणि तसाच ठेवला. बोटं निळसर दिसतात हल्ली, नखांपाशी. मिलचा रंग नाही हा.

डॉक्टरांना विचारलं होतं गेल्या आठवड्यात. म्हणाले, नेऊ नका असं मी लिहून देईन, पण ते ऐकणार नाहीत. सावकाश न्या. दम लागला तर लगेच थांबवा, उठवून बसवा, पाठ टेकवा, पंप द्या, जवळचा दवाखाना. लगेच, हे दोनदा म्हणाले.

३१ जुलै, गुरुवार

तयारी. वहिनी खाट टाका म्हणत होती, लोखंडी आहे त्यांची. म्हटलं खाटेचे पाय कोटिंग फाडतील. दोन गाद्या, वर उशा. आबांना चाललं. वर ताडपत्री, बाजूने वारा येईल अशी बांधली. सुतळी नको, दोर.

वहिनी मागे आबांजवळ. सिंधू पुढे माझ्याशेजारी, कानबाईचा नारळ मांडीवर. आमचा तो जुना नारळ, नथ-डोळे लावलेला, तो गाडीच्या मागे ठेवत नाहीत.

वहिनीजवळ फोन नाही. आबांचा आहे, पण त्याची बॅटरी टिकत नाही आणि सोनगढच्या पुढे जंगलात रेंज जाते. सिंधू म्हणाली, माझा मागे देऊन ठेवते. मी म्हटलं काही गरज नाही. वहिनी, काही लागलं तर केबिनच्या या पत्र्यावर टकटक करा. मागे सुई पडली तरी मला ऐकू येतं. आबा हसले. "त्याना कान कुत्राना शेत," म्हणाले वहिनीला. लहानपणी पण हेच म्हणायचे.

पहाटे निघायचं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

नवापूर. दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. ऑक्सिजन लावलाय. बोलत नाहीत. डोळे उघडे आहेत.

२ ऑगस्ट, शनिवार

रात्री अँब्युलन्सने नंदुरबारला हलवलं. अँब्युलन्सनेच.

कालचं लिहून ठेवतो.

बारडोली, व्यारा छान गेलं. व्याऱ्याला थांबलो, आबांनी दोन घोट चहा घेतला, म्हणाले झोपेसारखं वाटतंय, गाडी लागत नाही. सोनगढ सोडलं. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंनी हिरवं. मागे शांत. मी सिंधूला म्हटलं, बघ, झोपले. ती म्हणाली, एकदा बघू या का थांबून? म्हटलं झोपलेत तर कशाला उठवायचं, नवापूरला चहाला थांबूच.

नवापूरला ताडपत्री वर केली. वहिनी आबांना छातीशी धरून बसलेली. ओठ काळे. पंप रिकामा झाला होता. दुसरा पंप पुढे सिंधूच्या पिशवीत.

वहिनी म्हणाली, "भाऊ, मी किती वाजाडं." ओरडली नाही. सांगितल्यासारखं सांगितलं.

सोनगढ सुटल्यावर थोड्याच वेळात दम लागला होता. म्हणजे तेवढा सगळा रस्ता.

२ ऑगस्ट, नंतर

गावाहून चुलतभाऊ आले. सगळे विचारतात कसं झालं. मी सांगतोय, समोरून ट्रकची रांग होती, टायरचा आवाज, वारा, हॉर्न. खोटं नाही. ट्रक होतेच.

वहिनी बाकावर बसली होती. तिच्यासमोर हे सांगताना एकदा थांबलो. ती म्हणाली, "व्हई, ट्रक व्हतात." माझी बाजू सावरली तिने.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई. नारळ चुलतभावाबरोबर गावी पाठवला. सिंधू पण गेली, रोट तिनेच लाटायचे. मी आणि वहिनी इथे.

काल लिहायचं राहिलं. वहिनीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या सगळ्या फुटल्या, पत्र्यावर मारून मारून. मनगटावर ओरखडे. नवापूरला आबांना आत घेतलं आणि मी कागद करत होतो, तेवढ्यात सिंधू कुठे दिसेना. दवाखान्यासमोरच्या दुकानातून हिरव्या बांगड्या घेऊन आली, वहिनीला तिथेच पायरीवर बसवलं आणि भरल्या. हात सुजलेला, जात नव्हत्या. सिंधू रडत नव्हती, फक्त घाईत होती. आबा शुद्धीवर येतील तेव्हा तो हात रिकामा दिसायला नको. म्हणून.

गावाकडून फोन आला, आरती चालू होती मागे. थोरल्याचा पहिला घास कुणी घ्यायचा विचारत होते. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, ठेवायला सांगा.

४ ऑगस्ट, सोमवार

आबा बोलले. नळी काढून दोन मिनिटं. "रोट व्हयनात का?" म्हटलं झाले, तुमचा ठेवलाय. मान हलवली.

डॉक्टर म्हणतात अजून पातळच द्यायचं. घरी कधी ते सांगत नाहीत. घरी की नाही, हेही सांगत नाहीत. बाई डॉक्टर आहे, तरुण. नर्सला हळू आवाजात काय म्हणाली ते मला दाराबाहेरून ऐकू आलं. ते लिहीत नाही.

रोट आमच्याकडे पौर्णिमेच्या आत संपवायचे. पौर्णिमा शनिवारी.

हे सगळं झालं त्याबद्दल आबा मला काही म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघतात, मग छताकडे. मीच म्हटलं, आबा, ऐकू नाही आलं. त्यांनी बोट हलवलं. राहू दे असं. किंवा पाणी दे असं. मी पाणी दिलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सिंधू गावाहून आली. आबांचा रोट धुतलेल्या फडक्यात, डब्यात. वहिनीने डबा उशाशी ठेवला. आबांनी त्यावर हात ठेवला, गव्हात ठेवला होता तसा.

चुलतभाऊ गाडी बघत होता खाली. "काम झकास केलंय हिलाल. कुठेही सुटलेलं नाही." खरं आहे. एवढ्या पावसात, एवढ्या रस्त्यात एक फोड नाही. पाणी थेंब होऊन पळतं.

६ ऑगस्ट, बुधवार

आज बाई डॉक्टर म्हणाली, शुक्रवारी बघू. नळी न लावता रात्र काढली तर. वहिनीने विचारलं, एक घास? दुधात कुस्करून? ती म्हणाली, शुक्रवारी बघू.

दुपारी सिंधूला घेऊन खाली गेलो. तिला केबिनमध्ये बसवलं, इंजिन चालू करायला लावलं, काचा वर. म्हटलं, मागून वाजवतो, ऐक. मी मागे गाद्यांवर, जिथे वहिनी होती तिथे. ताडपत्री ओढून घेतली. हाताने वाजवलं. मग मुठीने. मग कडं काढून कड्याने. प्रत्येक वेळी हाताखाली पत्रा दबतोय असं वाटलं, उशीवर मारावं तसं. थकलो तेव्हा थांबलो.

उतरून पुढे गेलो. सिंधूने काच खाली केली. म्हणाली, "बसलात का नीट? करा सुरू."

गाडी जागेवर उभी होती. रस्त्यावर ट्रक नव्हता.